रेडिओ कंप्रता व सूक्ष्मतरंग प्रारण : व्यवसायजन्य परिणाम

रेडिओ कंप्रता व सूक्ष्मतरंग प्रारण : व्यवसायजन्य परिणाम. ज्या तंत्रज्ञांना व कामगारांना नित्याच्या कामात रेडिओ तरंगांच्या किंवा सूक्ष्मतरंगांच्या उगमाजवळ राहावे लागते, त्यांच्या शरीरावर या प्रारणाचे (तरंगरूपाने पसरणाऱ्या ऊर्जेचे) होणारे परिणाम. विद्युत् चुंबकीय तरंगांपैकी सु. १०० किलोहर्ट्‌झपासून ३०० गिगॅहर्ट्‌झपर्यंत कंप्रता (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांची संख्या) असलेल्या तरंगांचा यात समावेश होतो. त्यांपैकी ३०० मेगॅहर्ट्‌झच्या पुढील तरंगांना सूक्ष्मतरंग म्हणतात. नभोवाणी, दूरचित्रवाणी, रडार, भ्रमणध्वनी (मोबाइल), रुग्णालयातील डायाथर्मी (ऊतकतापन) यंत्रे, प्लॅस्टिक जोडण्याची व सूत वाळविण्याची यंत्रे यांत हे प्रारण वापरले जाते.

या विषयाची चर्चा बहुधा भ्रमणध्वनीच्या मनोऱ्याशेजारी राहणाऱ्या लोकांच्या संदर्भात होते. वस्तुतः प्रारणाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटत असल्याने शेजाऱ्यापेक्षा उगमाला हात लावून काम करणारा माणूस कितीतरी अधिक प्रारण ग्रहण करतो. आणि त्याच्याविषयी मात्र फारसे लिहिले गेलेले नाही. प्रस्तुत नोंदीत उदाहरणे शक्यतो जळगाव व धुळे या खानदेशातील जिल्ह्यांच्या संदर्भाने घेतली आहेत. मोठी रडार केंद्रे किंवा संरक्षण प्रयोगशाळा यांऐवजी रुग्णालय, आकाशवाणी, रेल्वे व मनोरा अशा सर्वसामान्य ठिकाणी हा प्रश्न कोणत्या रूपात उभा राहतो, हे त्यांवरून स्पष्ट होते.

परिणामाचे स्वरूप : क्ष-किरण किंवा गॅमा किरण यांच्याप्रमाणे हे प्रारण आयनीकारक नाही. अणूतील इलेक्ट्रॉन सुटा करण्यास सु. १० इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा लागते. २,४५० मेगॅहर्ट्‌झ कंप्रतेच्या एका फोटॉनाची ऊर्जा याच्या सु. दशलक्षांश असते. त्यामुळे फोटॉनांची संख्या कितीही वाढविली, तरी क्ष-किरणांनी होते तशी रासायनिक बंधांची मोडतोड या तरंगांनी होत नाही. शरीरातील पाण्याचे रेणू विद्युत् दृष्ट्या द्विध्रुवी असतात. बदलत्या विद्युत् क्षेत्राबरोबर ते वळू पाहतात, ऊतकांतील (समान कार्य करणाऱ्या कोशिकांच्या समूहांतील) आयन पुढेमागे ढकलले जातात आणि या घर्षणातून उष्णता निर्माण होते. चुलीची उष्णता कातडीवरून आत जाते. ही उष्णता मात्र आतच उत्पन्न होते. त्वचेतील उष्णतेची जाणीव करून देणारी यंत्रणा मुख्यतः पृष्ठभागाजवळ असल्याने खोलवर तापत असलेल्या भागाची सूचना माणसाला वेळेवर मिळेलच असे नाही. या प्रारणाच्या धोक्याचे हे एक महत्त्वाचे कारण होय.

तरंग किती खोल जातील हे कंप्रतेवर अवलंबून असते. २७ मेगॅहर्ट्‌झचे तरंग स्नायूंत दहा सेंमी. हून अधिक खोल पोहोचतात, २,४५० मेगॅहर्ट्‌झचे सु. २ सेंमी. पर्यंत आणि १० गिगॅहर्ट्‌झचे केवळ काही मिमी. जातात. उभ्या माणसाचे शरीर हे एक प्रकारे आकाशकासारखे (अँटेनासारखे) वागते. तरंगलांबी शरीराच्या उंचीच्या सु. अडीचपट असता, म्हणजे ७० ते ८० मेगॅहर्ट्‌झच्या सुमारास, शोषण सर्वाधिक होते. अनवाणी किंवा ओल्या जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाच्या बाबतीत ही कंप्रता जवळजवळ निम्म्यावर येते. शोषणाचे माप ‘विशिष्ट शोषण दर’ या राशीने, म्हणजे दर किग्रॅ. शरीरभारामागे किती वॉट शक्ती शोषली गेली यावरून, सांगतात.

ऐतिहासिक आढावा : जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ च्या सुमारास कोलकात्यात मिलिमीटर लांबीचे तरंग निर्माण करून दाखविले, त्या काळी त्यांच्या शारीरिक परिणामांचा प्रश्न कोणापुढे नव्हता. १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत शक्तिमान लघुतरंग प्रेषकाजवळ काम करणाऱ्या तंत्रज्ञांचे अंग तापते, असे लक्षात आले. या दोषाचाच पुढे उपचार म्हणून उपयोग करण्यात आला. दुसऱ्या महायुद्धात रडारचा प्रसार झाल्यावर १९४८ मध्ये प्राण्यांवरील प्रयोगांत सूक्ष्मतरंगांमुळे मोतीबिंदू होऊ शकतो असे आढळले. १९५२ मध्ये सूक्ष्मतरंग जनित्र चालविणाऱ्या एका तंत्रज्ञाच्या दोन्ही डोळ्यांत झालेल्या मोतीबिंदूचा वृत्तांत प्रसिद्ध झाला.

मर्यादा किती असावी यावर पुढील काळात मोठा मतभेद झाला. अमेरिकेत दर चौ. सेंमी. ला १० मिलिवॉट ही मर्यादा धरली गेली. सोव्हिएट रशियाने १९५८ मध्ये संपूर्ण कामाच्या दिवसासाठी १० मायक्रोवॉट, म्हणजे तिच्या एक-सहस्रांश, मर्यादा ठरविली. पाश्चात्त्य शास्त्रज्ञ शरीर किती तापते यावरून, तर रशियन वैद्य कामगारांच्या तक्रारींवरून (डोकेदुखी, थकवा, झोपमोड, नाडीतील बदल) हिशेब करीत होते. या तक्रारी कितपत प्रारणाच्या आणि कितपत गोंगाट, उष्मा व पाळीच्या कामाच्या, हे त्या अभ्यासांतून वेगळे काढता आले नाही. तरीही कामगाराच्या तोंडून आलेली तक्रार ही नोंदण्याजोगी बाब आहे, ही त्यांची भूमिका टाकाऊ म्हणता येणार नाही.

सिद्ध झालेले परिणाम : डोळ्यातील नेत्रभिंगाला रक्तपुरवठा नसल्याने तेथे निर्माण झालेली उष्णता वाहून नेली जात नाही. सशांवरील प्रयोगांत २,४५० मेगॅहर्ट्‌झचे, दर चौ. सेंमी. ला १०० मिलिवॉटांहून अधिक तीव्रतेचे प्रारण तासाहून जास्त वेळ दिले असता भिंग अपारदर्शक झाले. वृषणांचे कार्य शरीराच्या तापमानापेक्षा काही अंशांनी कमी तापमानात चालत असल्याने तेथेही उष्णतेने शुक्राणूंची निर्मिती तात्पुरती मंदावते. तीव्र प्रारणात सापडल्यास त्वचेखाली भाजणे, स्नायूंना इजा व तंत्रिकांना (मज्जातंतूंना) इजा होऊन दीर्घकाळ बधिरता राहणे हे प्रकार आढळतात. स्पंद स्वरूपातील रडार तरंगांमुळे काही माणसांना डोक्यात टिकटिक ऐकू येते. अमेरिकन शास्त्रज्ञ ॲलन फ्राय यांनी १९६० नंतरच्या प्रारंभीच्या वर्षांत या घटनेचा अभ्यास केला. मेंदूतील ऊतक क्षणार्धात अत्यल्प तापून प्रसरण पावल्याने निर्माण होणारी दाबलहर अंतर्कर्णापर्यंत पोहोचते, असे तिचे स्पष्टीकरण आहे.

रुग्णालये : खानदेशात या प्रारणाचा सर्वांत निकटचा व्यावसायिक संबंध भौतिकोपचार (फिजिओथेरपी) विभागांत येतो. धुळे व जळगाव येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांसारख्या मोठ्या संस्थांबरोबरच लहान गावांतील खाजगी दवाखान्यांतही गुडघेदुखी, कंबरदुखी व गोठलेला खांदा यांवर शेक देण्यासाठी लघुतरंग डायाथर्मी परिचित आहे. या यंत्राची कंप्रता २७.१२ मेगॅहर्ट्‌झ असून तरंगलांबी सु. ११ मी. असते. यंत्राची शक्ती काही शे वॉटांपर्यंत असू शकते. क्ष-किरण यंत्राला असते तसे कवच त्याच्या तारांना व विद्युत् अग्रांना नसते. रुग्णाच्या अंगात ऊर्जा जावी म्हणूनच ती उघडी ठेवावी लागतात. रुग्णाचा शेक पंधरा-वीस मिनिटांत संपतो, उपचारक मात्र दिवसभर एकामागून एक रुग्ण घेतो. यंत्र सुरू करून तारांपासून किमान एक मीटर दूर राहिल्यास त्याला मिळणारे प्रारण बरेच कमी होते. प्रत्यक्षात खोली लहान, दोन खाटांमध्ये केवळ पडदा आणि एका रुग्णाच्या तारांना लागून दुसऱ्याच्या उशाशी उपचारक उभा, अशी मांडणी असेल, तर हा साधा नियमही पाळता येत नाही. लोखंडी खाट व लोखंडी स्टूल क्षेत्राची मांडणी बदलून ऊर्जा अनपेक्षित जागी एकवटतात. म्हणून अशा खोलीत लाकडी खाट योग्य ठरते.

या व्यवसायात स्त्रियांचे प्रमाण मोठे असल्याने गर्भावस्थेचा प्रश्न महत्त्वाचा आहे. अमेरिकेतील स्त्री भौतिकोपचारकांचा एक मोठा अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सूक्ष्मतरंग डायाथर्मी वापरणाऱ्यांत गर्भपाताचे प्रमाण काहीसे अधिक आढळले व दरमहा दिलेल्या उपचारांच्या संख्येबरोबर ते वाढत गेले. लघुतरंग डायाथर्मीच्या बाबतीत तसे आढळले नाही. डेन्मार्कमधील एका अभ्यासात लघुतरंगांशी अधिक संबंध आलेल्या उपचारिकांना मुलगे कमी झाल्याचे दिसले होते, पण स्वित्झर्लंडमधील पाहणीने त्यास दुजोरा दिला नाही. अशा विसंगत पुराव्यावरून धोका सिद्ध झाला असे म्हणता येत नाही. तथापि गर्भवती उपचारिकेला त्या काळापुरते यंत्रापासून दूरचे काम देण्यास खर्च येत नाही, आणि तेवढ्यासाठी पुराव्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

नभोवाणी केंद्रे : आकाशवाणीचे जळगाव केंद्र १९७६ मध्ये सुरू झाले. खानदेशातील श्रोत्यांना ते ज्या ९६३ किलोहर्ट्‌झ या मध्यम तरंग कंप्रतेने परिचित झाले, तिची तरंगलांबी सु. ३११ मी. आहे. एवढ्या लांब तरंगाच्या तुलनेत मानवी शरीर अगदी लहान असल्याने ते फारच थोडी ऊर्जा शोषते. मध्यम तरंग केंद्रातील खरा धोका वेगळा असतो. तेथे मनोरा हाच आकाशक असतो. तो तळाशी विद्युत् निरोधकावर उभा केलेला असतो व प्रेषण चालू असता त्याच्यावर उच्च दाब असतो. जमिनीवर उभे राहून त्याला स्पर्श केल्यास खोल भाजते. आवारातील मोठी धातूची वस्तू, उदा., यारी (क्रेन) किंवा लांब कुंपण, हीसुद्धा प्रारण ग्रहण करून हाताला चटका देऊ शकते. धुळे येथील केंद्र एफ्‌एम् पट्ट्यात प्रक्षेपण करते. ८८ ते १०८ मेगॅहर्ट्‌झचा हा पट्टा शरीराच्या महत्तम शोषणाच्या कंप्रतेजवळ येतो. त्यामुळे एफ्‌एम् मनोऱ्यावर चढणाऱ्याच्या बाबतीत चटक्यापेक्षा सर्वांगाने होणारे शोषण महत्त्वाचे ठरते व प्रेषक बंद केल्याखेरीज किंवा त्याची शक्ती घटविल्याखेरीज आकाशकाच्या उंचीवर जाऊ नये, असा नियम आवश्यक होतो.

भ्रमणध्वनीचे मनोरे : मनोऱ्यावर चढून आकाशक बसविणारे, त्यांची दिशा बदलणारे व रंग देणारे कामगार हा वर्ग १९९५ नंतरच्या काळात निर्माण झाला. उदाहरणादाखल २० वॉट शक्ती व ५० पट एकाग्रता असलेला आकाशक घेतल्यास त्याच्या झोताच्या मध्यावर ५० मी. अंतरावर तीव्रता दर चौ. मी. ला सु. ०.०३ वॉट येते, तर २ मी. अंतरावर ती सु. २० वॉट होते. ९०० मेगॅहर्ट्‌झसाठी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूत्रांतील व्यावसायिक मर्यादा २२.५ वॉट आहे. म्हणजे समोरच्या घराच्या गच्चीवरील माणूस मर्यादेच्या कितीतरी आत असतो आणि आकाशकासमोर तोंड करून खिळा आवळणारा कामगार तिच्या उंबरठ्यावर असतो. आकाशकाच्या मागे व खाली प्रारण अत्यल्प असते. त्यामुळे कामाची जागा मागच्या बाजूने निवडणे हीच मोठी खबरदारी ठरते. एकाच मनोऱ्यावर निरनिराळ्या कंपन्यांचे आकाशक असल्यास एका कंपनीने आपला प्रेषक बंद केल्याने कामगार सुरक्षित होत नाही. शेजारचा आकाशक चालू असतो आणि तो चालू आहे हे डोळ्यांना दिसत नाही. अर्थात या कामगारांच्या जिवाला प्रारणापेक्षा उंचीवरून पडण्याचा व विजेच्या धक्क्याचा धोका अधिक आहे, हेही नमूद केले पाहिजे.

रेल्वे व कारखाने : भुसावळ हे मोठे रेल्वे प्रस्थानक आहे. गार्ड व इंजिनचालक यांना देण्यात येणारे हातातील बिनतारी संच सु. ५ वॉट शक्तीचे असतात व बोलताना तोंडाजवळ धरले जातात. ही शक्ती सामान्य भ्रमणध्वनीपेक्षा बरीच अधिक असली, तरी प्रेषण बोलण्यापुरतेच व थोडा वेळ चालते. सरासरी काढल्यावर शोषण मर्यादेत राहते.

जळगावची ख्याती प्लॅस्टिकचे नळ व चटया यांसाठी आहे. त्यावरून तेथील कामगारांचा या प्रारणाशी मोठा संबंध येत असावा असे वाटण्याचा संभव आहे; पण तसे नाही. पीव्हीसी नळ तापलेल्या साच्यातून दाबून काढतात व द्रावकाने जोडतात. चटईचे पॉलिप्रोपिलीन हे अध्रुवी द्रव्य असल्याने रेडिओ क्षेत्रात ते तापतच नाही. हे प्रारण वापरावे लागते ते पीव्हीसीचे पत्रे व पीव्हीसीचा लेप दिलेले कापड यांच्या शिवणी जोडताना. कारण पीव्हीसी ध्रुवी आहे. अशा यंत्रावर, बहुधा २७.१२ मेगॅहर्ट्‌झवर, कामगार दोन्ही हातांनी कापड विद्युत् अग्रांखाली सरकवतो. त्याचे हात व कंबर अग्रांपासून काही सेंमी. वर असतात. अमेरिकेतील शासकीय संस्थांनी १९७९ मध्ये या यंत्रांबाबत इशारा प्रसिद्ध केला. स्वीडनमध्ये १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत अशा कामगारांच्या हातांत मुंग्या येणे व बोटांची स्पर्शसूक्ष्मता कमी होणे हे प्रकार अधिक आढळले. उगमाच्या इतक्या जवळ विद्युत् व चुंबकीय क्षेत्रे परस्परांपासून स्वतंत्रपणे बदलतात. म्हणून तेथे केवळ शक्तिघनता मोजून भागत नाही. दोन्ही क्षेत्रे आणि मनगटातून व घोट्यातून वाहणारा प्रवाह वेगवेगळा मोजावा लागतो. धुळे–शिरपूर भागातील सूतगिरण्यांच्या बाबतीतही असाच विवेक करावा लागतो : सूत कातताना या प्रारणाचा उपयोग होत नाही, रंगविलेल्या सुताची बंडले वाळविण्याच्या काही यंत्रांत तो होतो व तेथे यंत्राची झडप व जाळी शाबूत असणे एवढेच बहुधा पुरते.

उष्ण हवामान : आंतरराष्ट्रीय अनायनीकारक प्रारण संरक्षण आयोगाच्या (स्थापना १९९२) २०२० च्या सूत्रांनुसार कामगाराच्या संपूर्ण शरीराचा विशिष्ट शोषण दर ३० मिनिटांच्या सरासरीने दर किग्रॅ. ला ०.४ वॉटपेक्षा अधिक नसावा. डोके व धड यांच्या लहान भागासाठी ही मर्यादा १० वॉट आहे. सामान्य जनतेसाठी त्यांच्या एक-पंचमांश मर्यादा धरतात. ७० किग्रॅ. वजनाच्या माणसाच्या बाबतीत ०.४ वॉट म्हणजे एकूण २८ वॉट. स्वस्थ बसलेल्या माणसाचे शरीर चयापचयातून सु. ८० ते १०० वॉट उष्णता निर्माण करते व श्रमाच्या वेळी याच्या काही पट. म्हणजे प्रारणाची मर्यादित भर ही चढणाऱ्या कामगाराच्या स्वतःच्या उष्णतेपुढे लहान आहे. परंतु ही सूत्रे शरीराला उष्णता बाहेर टाकता येते हे गृहीत धरतात. मे महिन्यात जळगाव–भुसावळ भागात तापमान ४५° से. च्या आसपास जाते. हवा त्वचेपेक्षा अधिक तापलेली असल्याने घामाच्या बाष्पीभवनाखेरीज उष्णता घालविण्याचा मार्ग उरत नाही. भर दुपारी तापलेल्या लोखंडी मनोऱ्यावर, सुरक्षा पट्टा व शिरस्त्राण घालून, पुरेसे पाणी न पिता काम करणाऱ्या माणसाचा राखीव भाग आधीच संपलेला असतो. सूत्रांत सुरक्षिततेसाठी दहापट अंतर ठेवले आहे ते अशाच परिस्थितीसाठी, हे खरे. पण मर्यादा ओलांडली जाण्याचा संभव असलेली कामे उन्हाळ्यात सकाळी करणे खानदेशात जितके आवश्यक आहे, तितके ती सूत्रे ज्या देशांत तयार झाली तेथे नाही.

दीर्घकालीन परिणाम : अल्प तीव्रतेच्या प्रारणाने वर्षानुवर्षांनंतर कर्करोग होतो काय, हा प्रश्न अद्याप पूर्णपणे मिटलेला नाही. कोरियन युद्धकालीन सु. ४०,००० अमेरिकन नौसैनिकांच्या चाळीस वर्षांच्या पाहणीत रडारशी अधिक संबंध आलेल्यांत एकूण मृत्युमान वाढलेले आढळले नाही. केवळ विमान-इलेक्ट्रॉनिकी तंत्रज्ञांच्या एका गटात एका प्रकारच्या रक्तकर्काचे प्रमाण अधिक दिसले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये या प्रारणाची गणना ‘संभाव्य कर्ककारी’ गटात केली. या गटाचा अर्थ पुरावा मर्यादित आहे एवढाच. त्यात धोक्याचे प्रमाण सांगितलेले नसते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील प्रयोगांत तीव्र प्रारण दिलेल्या नर उंदरांच्या हृदयात तंत्रिका आवरणाचे अर्बुद आढळले, तर २०२४ मधील विस्तृत समीक्षेत भ्रमणध्वनी व मेंदूचा कर्करोग यांत संबंध दिसला नाही. कामगारांविषयीचा पुरावा जनतेविषयीच्या पुराव्याहून दुबळा आहे. कारण कोणी किती वर्षे किती प्रारण घेतले याची नोंदच बहुतेक ठिकाणी नाही.

कायदा व नोंदी : भारतात दूरसंचार विभागाने २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय सूत्रे स्वीकारली आणि १ सप्टेंबर २०१२ पासून मनोऱ्यांच्या प्रारणाची जनतेसाठीची मर्यादा त्यांच्या एक-दशांश केली. ९०० मेगॅहर्ट्‌झसाठी ती दर चौ. मी. ला ०.४५ वॉट इतकी झाली. ही कडक मर्यादा शेजाऱ्यासाठी होती, मनोऱ्यावरील कामगारासाठी नव्हे. कामगार नुकसानभरपाई अधिनियम, १९२३ च्या तिसऱ्या अनुसूचीत अवरक्त किरणांमुळे होणारा मोतीबिंदू व्यवसायजन्य रोग म्हणून समाविष्ट होता. सूक्ष्मतरंगांमुळे होणाऱ्या मोतीबिंदूचा तीत निर्देश नव्हता. भट्टीवरच्या कामगाराला जे गृहीत म्हणून मिळे, ते प्रेषकावरच्या तंत्रज्ञाला सिद्ध करावे लागे.

हे सिद्ध करणे खानदेशात विशेष अवघड आहे. वय, मधुमेह व प्रखर सूर्यप्रकाश यांमुळे येथे मोतीबिंदू सर्वत्र आढळतो आणि पिकलेल्या भिंगावरून त्याचे कारण ओळखता येत नाही. नोकरीच्या आरंभी स्लिट-लँप यंत्राने केलेली नेत्रतपासणी उपलब्ध असेल आणि कामाच्या जागी मोजलेल्या क्षेत्रांची तारीखवार नोंद असेल, तरच दाव्याला आधार मिळतो. त्या नसल्यास खरा दावा व खोटा दावा सारखेच दिसतात. अपघाताने तीव्र प्रारणात सापडलेल्या कामगाराची तपासणी त्याच दिवशी व पुन्हा काही आठवड्यांनी करावी लागते, कारण भिंगातील बदल उशिरा प्रकट होतात. क्षेत्रमापक उपकरण महाग असले, तरी एका जिल्ह्यातील रुग्णालये व लहान कारखाने मिळून एका उपकरणात भागू शकतात. मोजमाप वर्षातून एकदा, आणि यंत्र दुरुस्त झाल्यावर किंवा जागा बदलल्यावर पुन्हा घ्यावे. हृदयात स्पंदक (पेसमेकर) किंवा हाडात धातूची सळई बसविलेल्या व्यक्तीला अशा यंत्राजवळ काम देण्यापूर्वी वैद्याचा लेखी अभिप्राय घेणे आवश्यक असते.